गटारीतला आपलाच डास आणि हवाईची पाखरं

तापीकाठचा मास्तर, भुसावळ (धागाकर्ता)

परवा आमच्या गल्लीत धुराची गाडी येऊन गेली. पोरं नेहमीसारखी धुरात पळाली, बायकांनी दोरीवरचे कपडे ओढून आत नेले, आणि गाडी वळणावरून दिसेनाशी होते न होते तोच डास परत ओट्यावर हजर. हातापायांवर चापट्या मारत तेव्हा जे वाचत बसलो होतो ते दोन दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

आपल्या गटारीत, संडासाच्या टाकीत, न्हाणीच्या सांडपाण्यात होणारा जो मळकट तपकिरी डास रात्री कानाशी भुणभुणतो, त्याचं नाव क्युलेक्स क्विंक्वेफॅशिएटस. हत्तीपाय पसरवणारा तो हाच. डेंगीचा पांढऱ्या पट्ट्यांचा वेगळा, माणसाचा हिवताप आणणारा तिसराच. तर हवाई बेटांवर एकोणिसावं शतक उजाडेपर्यंत डास नावाची चीजच नव्हती. १८२६ च्या सुमारास माउई बेटावरच्या लाहायना बंदरात एक जहाज गोडं पाणी भरायला थांबलं. पिंपांच्या तळाशी उरलेलं शिळं पाणी खलाशांनी ओढ्यात ओतलं आणि त्यात आपले हे महाशय अळीच्या रूपात होते, असं तिथे सांगतात.

डास आला म्हणून लगेच पाखरं मेली नाहीत. मागाहून लोकांनी हौसेनं परदेशी पाखरं आणून सोडली, त्यांच्या रक्तातून पक्ष्यांचा मलेरिया आला. हा माणसाला होत नाही. कोंबड्यांना देवी येतात तशी रानपाखरांची देवीही आली. मग मात्र डासाला काम मिळालं.

हवाईत हनीक्रीपर नावाचं एक पाखरांचं कूळ आहे. लाखो वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आलेल्या एकाच पूर्वजापासून पन्नासहून जास्त जाती झाल्या. कुणाची चोच पोपटासारखी, कुणाची सुईसारखी, कुणाची कोयत्यासारखी वाकडी. आज त्यातल्या १७ उरल्यात. त्यातली इइवी ही लालभडक, वाकड्या चोचीची. मलेरियाचा डास एकदा चावला की दहातल्या नऊ इइवी मरतात. एकदाच.

जी वाचली ती डोंगरावर राहणारी. साधारण १५०० मीटरच्या वर थंडी इतकी की डास कमी, आणि १३ अंशांच्या खाली डासाच्या पोटात तो परजीवी वाढतच नाही. म्हणजे थंडी हेच त्यांचं कुंपण. आता हवा तापतेय आणि डास वर चढतोय. कौआई बेटाचा सगळ्यात उंच माथा १५९८ मीटर, आपल्या अस्तंबा डोंगराहून थोडाच उंच. त्याच्या वर पाखरं जाणार कुठे? तिथली आकिकिकी जातीची पाखरं २०२३ मध्ये रानात पाचच उरली होती.

मला पडलेला प्रश्न असा, की डास तोच, मलेरियाही आपल्या चिमण्यांना असतो म्हणतात. मग आपली चिमणी अंगणात दाणे टिपतेय आणि तिथली पाखरं पटापटा का मरतात? जाणकारांनी सांगावं.


अमळनेरची लेक

काय सांगस भो! आपला गटारीना डास इतला लांब ग्या? वाचतेय. मास्तर, पुढचं लिहा.


ढोरांचा डॉक्टर, चोपडा

मास्तर, धाग्यात एक गंमत सुटली. रोनाल्ड रॉसला १९०२ चं नोबेल मिळालं ते मलेरिया डासातून पसरतो हे दाखवल्याबद्दल. १८९७ मध्ये सिकंदराबादेत त्यानं डासाच्या पोटात माणसाच्या मलेरियाचा परजीवी पाहिला. पण डास चावून रोग एका अंगातून दुसऱ्यात जातो ही पूर्ण साखळी त्यानं १८९८ मध्ये कलकत्त्यात जुळवली, आणि ती माणसांवर नाही, चिमण्यांसारख्या पाखरांवर. त्यानं वापरलेला करडा डास म्हणजे तुमच्या ओट्यावरचाच क्युलेक्स. परजीवीही तोच, प्लास्मोडियम रेलिक्टम. ज्या जोडीनं हवाईची पाखरं मारली तीच जोडी रॉसनं आपल्या देशात काचेखाली पाहिली होती.

आता तुमचा प्रश्न. आपल्या चिमणीला हा रोग होतो. अशक्त पिल्लू मरतं, बाकीची दोन-चार दिवस पिसं फुगवून बसतात आणि उठतात. परजीवी थोडा रक्तात राहतो, पण चिमणी जगते, अंडी घालते. हे हजारो पिढ्यांचं भांडण आहे, दोघंही एकमेकांना ओळखून आहेत. बेटावरच्या पाखरानं हा शत्रू कधी पाहिलाच नव्हता. जे लढायची कधी वेळ आली नाही त्याची तयारी अंगात कशी राहणार? गावात पहिल्यांदा लाळ्या-खुरकूत आली की संकरित गाय आडवी होते आणि गावठी उभी राहते, तसंच काहीसं धरा.

पण सगळं काळंच नाही. हवाईतच आमाकिही नावाचं एक पिवळसर पाखरू आहे. सखल भागात डासांत राहतं, मलेरिया घेऊन फिरतं आणि तरी जगतं. त्याची संख्या मोठी होती, मरून मरून जी उरली त्यांची पोरं चिवट निघाली. आकिकिकीसारख्यांकडे मरायला तेवढी पाखरंच नव्हती.


केळीवाला, रावेर

आम्हाला हे वेगळं समजवायला नको. आमच्या केळीत सगळी रोपं टिश्यू कल्चरची, एकाच कंदाची भावंडं. हरण्या रोग आला की मावा तो एका पानावरून दुसऱ्या पानावर नेतो आणि आठ दिवसांत अख्खा पट्टा उपटून बांधावर टाकावा लागतो. एक रोप वाचत नाही, कारण सगळ्यांची खोड एकच. पाच-पंचवीस उरलेल्या पाखरांतही सगळी एकमेकांची भावंडंच ना?


ढोरांचा डॉक्टर, चोपडा

बरोबर पकडलंत. न्यूझीलंडचा काकापो, न उडणारा हिरवा जाडा पोपट, १९९५ मध्ये ५१ वर आला होता. बहुतेक सगळे एकमेकांच्या नात्यातले. पिल्लं फार कमी होतात, अंडी उबत नाहीत. आता आकडा दोनशेच्या वर आहे, पण २०१९ मध्ये एका बुरशीनं नऊ काकापो गेले. ती अ‍ॅस्परजिलस बुरशी आपल्या कडब्याच्या गंजीतही असते, कोंबडीच्या शेडमध्ये ओलं तूस राहिलं की पिल्लांच्या फुफ्फुसात जाते. परका रोग नाही काही. पाखरं कमी आणि दाटीनं असली की घरचा रोगही पुरतो.


नवापूरवाला पोल्ट्री

मी गप्प बसणार होतो, पण रोगाचा विषय निघाला आणि नवापूर बोललं नाही असं कसं होईल. २००६ च्या फेब्रुवारीत देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला तो आमच्या इथे. माझं वय तेव्हा तेवीस. पांढऱ्या पोशाखातली माणसं शेडमध्ये शिरली, जेसीबीनं खड्डे, वर चुना. ज्या शेडमधल्या कोंबड्या ठणठणीत होत्या त्याही गेल्या. रात्री शेडमध्ये गेलो तर आवाजच नाही. कोंबडीच्या शेडमध्ये शांतता म्हणजे काय ते ज्यानं ऐकलंय त्यालाच कळेल. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातही निघाला, आणि २०२१ ला परत आमच्यावर.

तेव्हा जो तो म्हणत होता, परदेशी पाखरांनी आणला. माझा प्रश्न आहे, ती पाखरं आणतात की आपण त्यांना देतो?


ढोरांचा डॉक्टर, चोपडा

नाना, दोन्ही. पण सुरुवात कुठून झाली ते बघा. आज जगभर फिरणाऱ्या बर्ड फ्लूच्या या एच५एन१ विषाणूचं मूळ १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडाँगमध्ये पाळीव हंसांत सापडलं. पाळीव पाखरांत तो जहाल झाला, तिथून रानातल्या बदकांत गेला, आणि आता बेटांवर पोहोचलाय. २०२१-२२ मध्ये स्कॉटलंडच्या बेटांवर ग्रेट स्कुआ नावाच्या समुद्री पाखरांची दाणादाण उडाली. बास रॉक नावाच्या खडकावर गॅनेट या समुद्री पाखरांची मोठी वसाहत आहे. त्यातली जी जगली त्यांपैकी कित्येकांचे निळसर डोळे काळे पडले. २०२३ च्या सप्टेंबरात गालापागोस, ऑक्टोबरात दक्षिण जॉर्जिया बेट, अंटार्क्टिकाच्या दारात. तिथे कोण नवापूरचं वाहन गेलं नव्हतं.

समुद्री पाखरं एकेका खडकावर हजारोंनी घरटी करतात, तुमच्या शेडसारखीच दाटी. बऱ्याच जणांचं वर्षाला एकच अंडं, आणि वयात यायलाच चार-पाच वर्षं. तुम्ही सहा महिन्यांत नवी बॅच टाकलीत. त्यांची बॅच भरायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं.


नवापूरवाला पोल्ट्री

सहा महिन्यांत नाही टाकली डॉक्टर. कर्ज फिटायला चार वर्षं लागली. पण मुद्दा समजला.


रोखठोक बापू, जळगाव

वाचलं सगळं. आता कुणाला राग आला तर येऊ द्या. आमच्या वॉर्डात तीन घरं सोडून डेंगी, सरकारी दवाखान्यात एका खाटेवर दोघं. आणि आपण पाच पाखरांसाठी अश्रू ढाळतोय? तेही अमेरिकेची पाखरं. त्यांच्याकडे डॉलर आहेत, ते बघतील. मास्तर, पोरांना गणित शिकवा.


तापीकाठचा मास्तर, भुसावळ

बापू, गणितच सांगतो. तिथे ते करतायत काय, ऐका. प्रयोगशाळेत नर डास वाढवतात. त्यांच्या पेशींत वोल्बाकिया नावाच्या जिवाणूचा वेगळा वाण असतो. या नराचं रानातल्या मादीशी जुळलं तर अंडी फुटतच नाहीत. नर चावत नाही, रक्त पीत नाही, त्यामुळे सोडलेल्या डासांनी कुणाला रोग होत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरपासून माउईच्या डोंगरावर हेलिकॉप्टरमधून असे नर सोडायला सुरुवात झाली, कारण तिथे रस्ताच नाही. डबक्यात औषध टाकायचं म्हटलं तर कुठे कुठे टाकणार? तिथे रानडुकरं झाडनेच्याची खोडं पोखरतात आणि त्या प्रत्येक पोकळीत पावसाचं पाणी साचून डास होतात. डुकरंही बाहेरूनच आलेली.

तर हे जे तंत्र आहे, ते आधी माणसांसाठीच निघालं होतं. १९६७ मध्ये रंगूनजवळच्या ओक्पो नावाच्या गावात याच क्युलेक्सवर ते करून पाहिलं आणि गावातला डास संपवून दाखवला, हत्तीपायाच्या बंदोबस्तासाठी. आपल्याकडे सत्तरच्या दशकात दिल्लीत असंच केंद्र उघडलं होतं. वर्तमानपत्रांत आणि संसदेत आरडाओरडा झाला की हे परदेशी लोक जैविक युद्धाची तयारी करतायत, आणि १९७५ मध्ये ते बंद पडलं. आता पुदुच्चेरीच्या सरकारी संशोधन केंद्रात डेंगीच्या डासावर वोल्बाकियाचं काम झालंय. तेव्हा पाखरांसाठीचा पैसा आणि तुमच्या वॉर्डाचा डास, हे तितके लांबचे नाहीत.


रोखठोक बापू, जळगाव

मग ते नर डास इकडे पाठवा म्हणावं. धुराच्या गाडीपेक्षा बरे.

(बाकी ते दिल्लीचं माहीत नव्हतं. राग सोडला.)


कबुतरखाना, धुळे

मी ३० वर्षं कबुतरं पाळतो. मला एक सांगा, मॉरिशसच्या गुलाबी कबुतराला घशाचा रोग झाला असं कुठेतरी वाचलं, तो आमच्या कबुतरांचाच का? आमच्याकडे पिल्लाच्या घशात पिवळं दह्यासारखं साचतं, चारा गिळत नाही, वास येतो. औषध वेळेत दिलं तर वाचतं, नाही तर गेलं.


ढोरांचा डॉक्टर, चोपडा

तोच. ट्रायकोमोनास नावाचा सूक्ष्म जीव. कबुतर पिल्लाला गळ्याच्या पिशवीतलं दूध पाजतं, त्या दुधातूनच जातो, शिवाय एकत्र पाणी प्यायलं की पसरतो. गुलाबी कबुतर १९९० च्या सुमारास रानात दहाच्या आसपास उरलं होतं. माणसांनी पिंजऱ्यात वाढवून परत सोडलं, मांजरं-उंदीर पकडले, म्हणून जगलं. पण बेटावर आपले साधे पारवेही आहेत, त्यांच्याकडून हा रोग येत राहतो. त्याच बेटावरच्या हिरव्या राघूला चोच आणि पिसं झडण्याचा विषाणू लागला, ते वेगळं. डोडो गेला ते बेट, लक्षात ठेवा. तिथे आपली मराठी माणसंही पिढ्यान्‌पिढ्या राहतात, कुणाचं नातं असेल तर विचारा काय चाललंय.


अमळनेरची लेक

डॉक्टर, मग बेटावर पाखरू मेलं की रोगच, असं का?


ढोरांचा डॉक्टर, चोपडा

ताई, मोलाचं विचारलंत. नाही. ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर रानातली पाखरं एकामागून एक गायब झाली. हवाईचं उदाहरण समोर होतं, म्हणून बराच काळ सगळे रोगच शोधत बसले. रक्त तपासलं, डास तपासले, कीटकनाशकं तपासली. शेवटी ज्युली सॅव्हिज या संशोधिकेनं १९८७ मध्ये दाखवून दिलं की गुन्हेगार साप आहे. लष्करी सामानाबरोबर आलेला तपकिरी झाडसाप रात्री घरट्यातली अंडी, पिल्लं, बसलेली पाखरं, सगळं खात होता. जिथे साप पोहोचला तिथली पाखरं संपत गेली, नकाशावर रेघ मारावी तशी.

आपल्याकडे गिधाडांचं हेच झालं. माना टाकून बसलेली गिधाडं बघून सगळे विषाणू शोधत होते. निघालं काय, तर आम्हीच ढोरांना टोचत असलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. मेलेलं ढोर गिधाडानं खाल्लं की त्याची मूत्रपिंडं बंद. २००६ मध्ये ते ढोरांसाठी बंद झालं. माझ्या कपाटातही त्याच्या बाटल्या होत्या, खोटं कशाला बोलू. मी टोचलंय.


तापीकाठचा मास्तर, भुसावळ

डॉक्टर, हे लिहायला हिंमत लागते.


शहाद्याची वाट

उशिरा आले, पण एक सांगते. बेट फक्त पाण्यातच असतं असं नाही. आमच्या शहाद्याचं नाव जगभरच्या पक्षीवाल्यांना माहीत आहे ते एका घुबडामुळे. रानपिंगळा. १८७२ मध्ये ब्लेविट नावाच्या संग्राहकाला मिळाला, १८८४ नंतर कुणालाच दिसला नाही. मधे मेनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १९१४ चा नमुना म्हणून एक दाखवला, तो दुसऱ्या संग्रहातून चोरून खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. मग १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे पक्षी अभ्यासक शहाद्याजवळच्या रानात आले आणि सकाळी उजेडात, उघड्या फांदीवर, समोर. ११३ वर्षांनी!

आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “तो तं रोज दिखे. कोणी इचारं का माले?” त्यांनी पाहिला तो रानपिंगळा होता की साधा पिंगळा, देव जाणे. दोघंही दिवसा दिसतात.

मुद्दा हा, की हा पिंगळा सागाच्या मोकळ्या रानात राहतो आणि ते रान आता तुकड्यांत आहे. तोरणमाळ, यावल, मेळघाट. मधे शेतं, वस्त्या, रस्ते. एका तुकड्यातली पाखरं दुसऱ्यात सहजी जात नाहीत. रावेरच्या दादांनी केळीचं म्हटलं तेच. याच्यावर काही रोग आलाय असं मी म्हणत नाही. पण आला तर पळायला जागा किती, हा हिशेब हवाईच्या डोंगराचाच आहे.


केळीवाला, रावेर

यावलच्या रानाला लागून माझी शेती आहे. अतिक्रमणावर बोललो तर घरचेच भांडतील, म्हणून बोलत नाही.


रोखठोक बापू, जळगाव

शहाद्याच्या ताई, पिंगळा बघायला आलो तर दाखवाल का? खरं विचारतोय.


शहाद्याची वाट

या की. थंडीत या, सकाळी सातच्या आत. आवाज वाजवून बोलवायचं नाही, ही एक अट. मोबाइलवर आवाज लावून त्याला हैराण करणारे फार झालेत.


नवापूरवाला पोल्ट्री

डॉक्टर, हतनूरला किंवा आमच्या धरणावर एकदम पाच-सहा बदकं मेलेली दिसली तर काय करायचं? २००६ ला लोक उचलून घरी नेत होते.


ढोरांचा डॉक्टर, चोपडा

हात लावायचा नाही, कुत्र्याला लावू द्यायचा नाही. जागा, तारीख, साधारण किती आणि कोणती पाखरं, फोटो, आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा वनखात्यात कळवायचं. आणि नाना, त्या दिवशी तुम्ही स्वतः शेडमध्ये जायचं नाही. चपला बाहेर, कपडे धुवायला, दुसरा माणूस खाद्य टाकेल. तुम्हाला हे माझ्याहून जास्त माहीत आहे.


कबुतरखाना, धुळे

एक शेवटचं विचारतो. मी दर हिवाळ्यात कबुतरं तोरणमाळला नेतो आणि तिथून सोडतो, घरी परत येतात का ते बघायला. सोडायच्या आधी तलावाच्या काठी पाणी पाजतो. हे सगळं वाचून जरा खटकायला लागलंय.


ढोरांचा डॉक्टर, चोपडा

खटकलं ते बरं झालं. तो घशाचा रोग कबुतर खाणाऱ्या शिकारी पाखरांनाही होतो, शिक्रा, बहिरी ससाणा यांना. आजारी कबुतर वाटेत थकलं की ससाणा त्यालाच आधी उचलणार. नेण्याआधी एकेकाचा घसा उघडून बघा, पिवळं दिसलं तर ते घरी ठेवा. आणि तलावावर पाजू नका.


कबुतरखाना, धुळे

मग चाळीस कबुतरांना पाणी कुठे पाजू?


शहाद्याची वाट

कॅन भरून न्या घरून. आणि पसरट भांडं. उरलेलं पाणी तिथे ओतू नका, परत आणा.


कबुतरखाना, धुळे

बरं. वीस लिटरचा जार आहे घरात.